खबारकाठचा पहारेकरी : संदेष्टा यहेज्केल

श्रीकृष्णजन्माचे आख्यान लावणारा हरदास एकदम कंसाच्या बंदिशाळेत शिरत नाही. आधी गोरूप घेतलेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे गाऱ्हाणे घेऊन जाते, देव क्षीरसागराच्या तीरी उभे राहतात, आणि मग कोठे देवकी-वसुदेवांची वरात निघते. नाताळच्या पर्वकाळी येशू ख्रिस्ताची जी जन्मकथा सर्वत्र सांगितली जाते, तिलाही असाच दीर्घ पूर्वरंग आहे. गव्हाणीतील बालक, आकाशीचा तारा आणि रात्री मेंढरे राखणारे मेंढपाळ आता आपल्या वाचकांसही परिचयाचे झाले आहेत. परंतु त्या मेंढपाळांच्या मागे सहा शतके उभा असलेला एक पुरुष आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नाही. त्याचे नाव यहेज्केल. परमेश्वर बळ देतो, असा त्या हिब्रू नावाचा अर्थ.

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या पूर्वभागास जुना करार म्हणतात. तो मूळचा यहुदी लोकांचा ग्रंथ होय. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट साधूने मराठी ओवीत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, त्याचाही पहिला भाग याच पूर्वकथेला वाहिलेला आहे. या जुन्या करारात संदेष्टे म्हणून जे पुरुष येतात, त्यांस आपल्याकडील ज्योतिषी समजू नये. ग्रहमान पाहून उद्याचे सांगणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. परमेश्वराचा निरोप माणसांपर्यंत पोहोचविणारे ते दूत. निरोप बहुधा कटू असे, आणि तो पोहोचविणाऱ्याचे हाल ठरलेले असत.

यहेज्केल हा बूजी नावाच्या याजकाचा पुत्र. याजक म्हणजे मंदिरातील पूजाविधी चालविणारे वंशपरंपरागत घराणे. आपल्याकडील क्षेत्रोपाध्यायांची कल्पना करावी. यरुशलेम येथे शलमोन राजाने बांधलेले भव्य मंदिर होते आणि त्या मंदिरातच परमेश्वराचे तेज वसते अशी प्रजेची दृढ श्रद्धा होती. मुलगा वाढला तो धूपाच्या सुवासात, सोवळ्याओवळ्याच्या काटेकोर नियमांत. आपणही एके दिवशी वेदीपाशी उभे राहू, एवढेच स्वप्न त्याने पाहिले असणार.

ते घडावयाचे नव्हते. इसवी सनापूर्वी ५९७ साली बाबेलचा सम्राट नबुखद्रेस्सर याने यरुशलेम जिंकले. गादीवर यहोयाखीन हा अवघ्या अठरा वर्षांचा राजा होता. त्याची कारकीर्द तीनच महिन्यांची ठरली. राजा, राजमाता, सरदार, लोहार, कारागीर असे निवडक लोक विजेत्याने बंदी करून नेले. एका ग्रंथात त्यांची संख्या दहा हजार दिली आहे, तर दुसऱ्यात तीन हजार तेवीस. खुद्द बाबेलच्या इतिवृत्तात, मातीच्या विटेवर बाणाग्र लिपीत, या विजयाची नोंद सापडली असून ती वीट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बंदिवान यहोयाखीनास सरकारी कोठारातून तेलाचा शिधा मिळत असे, असे सांगणाऱ्या विटाही बाबेलच्या उत्खननात निघाल्या. म्हणजे ही कथा केवळ श्रद्धेच्या आधारावर उभी नाही. त्या तांड्यात आपला तरुण याजकपुत्रही होता. त्याचे वय तेव्हा पंचवीसच्या आसपास असावे.

बाबेल देश म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग. निप्पूर नगराच्या परिसरात खबार नावाचा मोठा कालवा वाहत असे. ग्रंथकाराने त्यास नदीच म्हटले आहे. त्याच्या काठी तेल-अबीब या वस्तीत निर्वासितांना बसविले. त्यांना बेड्या घातलेल्या नव्हत्या. घरे होती, शेती होती, कर भरावा लागे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विटांवरील दस्तऐवजांवरून तर असे दिसते की पुढच्या पिढ्यांत हे लोक तेथे खत-करार करीत, धान्य उसने घेत-देत होते. परंतु मंदिर नव्हते. आपण दूर देशी गेलो तरी चार विटा रचून देव बसवतो. त्यांच्या शास्त्राप्रमाणे यज्ञबलीचे स्थान एकच, आणि ते चार महिन्यांच्या वाटेवर राहिले होते. देव तेथे, आपण येथे. ही त्यांची खरी व्यथा होती.

यहेज्केलाचा ग्रंथ उघडतो तो तिसाव्या वर्षी. बहुतेक भाष्यकार हे त्याचे वय मानतात. याजककुळातील पुरुष साधारणतः याच वयात सेवेस आरंभ करी. ज्या वर्षी वेदीपाशी उभे राहावयाचे, त्या वर्षी हा परक्या मुलखात कालव्याकाठी उभा आहे! हे वर्ष इ. स. पू. ५९३. उत्तरेकडून वादळ आले, ढगात अग्नी धगधगत होता, आणि त्या अग्नीत चार जीव दिसले. प्रत्येकास चार मुखे : मनुष्याचे, सिंहाचे, बैलाचे आणि गरुडाचे. त्यांच्याजवळ चाके, चाकात चाक बसविल्यासारखी, आणि त्यांच्या धावांवर सर्वत्र डोळे. वर स्फटिकासारखे अंतराळ, त्यावर नीलमण्याचे सिंहासन, सभोवार इंद्रधनुष्याची प्रभा. विश्वरूपदर्शनाने भयचकित झालेला अर्जुन येथे कोणाही गीतापाठकास आठवेल. जाणत्या गुरूवाचून या अध्यायाचे निरूपण करू नये असा दंडक यहुदी आचार्यांनी घातला होता, आणि तो योग्यच म्हणावा लागेल. तथापि त्या दर्शनातील एक गोष्ट साध्या भाविकालाही कळण्याजोगी आहे. सिंहासनास चाके होती. देव यरुशलेमच्या गाभाऱ्यात अडकून पडलेला नव्हता. तो निर्वासितांच्या मागोमाग परमुलखात आला होता.

यहेज्केल पालथा पडला. तेव्हा त्यास उठवून उभे करण्यात आले आणि मानवपुत्र या नावाने संबोधिले गेले. पुढे हे संबोधन त्याच्या ग्रंथात नव्वदांहून अधिक वेळा येते. तू कितीही मोठी दर्शने पाहिलीस तरी मातीचा आहेस, अशी ती आठवण होती. कित्येक शतकांनी येशू ख्रिस्ताने स्वतःसाठी हेच नाव वापरले. त्यामागे दानीएलाच्या ग्रंथातील तेजस्वी अर्थही आहे, पण मनुष्यपणाची ती नम्र छटा यहेज्केलाकडूनच आलेली. त्यास एक गुंडाळी खावयास दिली गेली. तिच्या दोन्ही बाजूंस विलाप, शोक आणि आकांत लिहिलेला होता, तरी ती तोंडात मधासारखी गोड लागली. तो परत वस्तीत आला आणि सात दिवस सुन्न बसून राहिला. मग त्यास त्याचे काम कळले. तो पहारेकरी होता. तटावरच्या पहारेकऱ्याने शत्रू येताना पाहून शिंग फुंकले आणि लोक उठले नाहीत, तर त्यांचे रक्त त्यांच्याच माथी. परंतु त्याने पाहूनही शिंग फुंकले नाही, तर मेलेल्यांच्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागेल.

पुढील सहा-सात वर्षे त्याने जे केले ते पाहून शेजाऱ्यांस तो वेडा वाटला असल्यास नवल नाही. यरुशलेमचे उरलेसुरले राज्य तगेल आणि आपण लवकरच परत जाऊ, या भ्रमात निर्वासित होते. तो भ्रम त्यास मोडावयाचा होता, आणि शब्दांवर लोकांचा विश्वास उरला नव्हता. त्याने मातीच्या विटेवर यरुशलेमचा नकाशा कोरला आणि पोरांच्या खेळाप्रमाणे तिला वेढा घातला. मध्ये लोखंडी तवा उभा केला. डाव्या कुशीवर तीनशे नव्वद दिवस आणि उजव्या कुशीवर चाळीस दिवस निजण्याची त्यास आज्ञा झाली. अन्न मोजून, दिवसास सुमारे पाव किलो, गहू, जव, मसूर, बाजरी एकत्र दळून केलेली भाकर, पाणीही मापाचे. वेढ्यातील उपासमार ती अशी असेल, हे दाखविण्यासाठी. ती भाकर मानवी विष्ठेच्या जाळावर भाजावी असे प्रथम सांगण्यात आले. तेव्हा मात्र आजवर कधी ओवळे अन्न न शिवलेला हा याजकपुत्र कळवळला. त्याने विनविले, आणि परमेश्वराने त्यास गोवऱ्यांवर भाजण्याची मुभा दिली. आपल्या घरोघरच्या माउलींना हा प्रसंग वाचून त्याच्याविषयी आपुलकी वाटेल, याची मला खात्री आहे. एवढ्या कठोर दंडकातही देवाने भक्ताचे सोवळे राखले.

एकदा त्याने तरवारीने आपले केस व दाढी उतरविली आणि त्यांचे तीन वाटे केले : एक जाळला, एक शस्त्राने तोडला, एक वाऱ्यावर उधळला. थोडेसे केस मात्र वस्त्राच्या घोळात बांधून ठेवले. नाश सांगतानाही हा पुरुष नेहमी मूठभर शिल्लक ठेवतो.

दुसऱ्या एका दर्शनात त्यास यरुशलेमच्या मंदिराचे अंतरंग दिसले. अंधाऱ्या कोठडीत राष्ट्राचे सत्तर वडीलधारे परक्या दैवतांपुढे चोरून धूप जाळीत होते; परमेश्वर काही पाहत नाही असे त्यांनी धरले होते. बाहेर देशात हिंसा माजली होती. मग त्याने परमेश्वराचे तेज मंदिर सोडताना पाहिले. ते एकदम गेले नाही. प्रथम उंबरठ्यावर थांबले, मग पूर्वद्वारी, मग नगराबाहेरच्या डोंगरावर. घर सोडून निघालेले माणूस दारात, अंगणात, वेशीवर थांबून मागे वळून पाहते, तसे. येथील मूर्तिनिषेधाचा कठोर सूर आपल्या उपासनेशी जुळणारा नाही, हे मी लपवू इच्छीत नाही. परंतु मुखी देव आणि हाती अन्याय, यावरचा त्याचा संताप आपल्या संतांनी ऐकला असता तर माना डोलविल्या असत्या.

आता या चरित्रातील ज्या भागासाठी मी लेखणी उचलली, तेथे आलो. निर्वासितांच्या तोंडी एक म्हण रुळली होती. बापजाद्यांनी आंबट द्राक्षे खावीत आणि दात मात्र पोरांचे आंबावेत, असा तिचा आशय. आम्ही काय केले? पाप पूर्वजांचे, शिक्षा आम्हाला. तीत गाऱ्हाणे होते तसेच एक सोयही होती. दोष मेलेल्यांचा म्हटले की जिवंतांना काही करावयाचे उरत नाही. शिवाय त्यांच्या शास्त्रात आधार होता : मोशेच्या दहा आज्ञांतच बापाच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते असे म्हटलेले आहे.

यहेज्केलाने ही म्हणच बंद करावयास सांगितली. आपल्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात तो तीन पिढ्यांचे उदाहरण मांडतो. एक मनुष्य न्यायी आहे. तो कर्जदाराचे गहाण परत करतो, भुकेल्यास अन्न देतो, व्याजाने नाडत नाही. त्याचा मुलगा लुटारू निघतो. बापाचे पुण्य त्यास तारणार नाही. त्या लुटारूचा मुलगा बापाचे वर्तन पाहून सावध होतो आणि नीतीने चालतो. बापाचे पाप त्यास बुडविणार नाही. प्रत्येक जीव परमेश्वराचा आहे आणि प्रत्येकाचा जाब ज्याचा त्याने द्यावयाचा. इतकेच सांगून तो थांबला असता तर हा निव्वळ हिशेब झाला असता. तो पुढे म्हणतो की पापी मनुष्यही मागे वळला, तर त्याचे मागील अपराध स्मरले जाणार नाहीत. कारण पाप्याच्या मरणात परमेश्वरास संतोष नाही, त्याच्या वळण्यात आहे.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची कथा कोणत्या घरी ठाऊक नाही? अध्यात्मरामायणाच्या अयोध्याकांडात वाल्मीकी स्वतःच ती रामास सांगतात. बायकामुलांसाठी वाटमारी करणाऱ्याने घरी जाऊन विचारले की पापातही वाटेकरी व्हाल काय, आणि सर्वांनी नकार दिला. तो नकार किती निष्ठुर वाटतो! परंतु त्या नकारानेच वाल्या सुटला. पाप वाटून घेता येत नाही म्हणूनच ते स्वतः टाकता येते. खबारकाठच्या याजकाने आणि तमसाकाठच्या ऋषीने हे एकच मर्म ओळखले, असे मला वाटते. तपशिलात भेद आहेत. आपल्या कर्मविचारात अनेक जन्मांचा धागा आहे, यहेज्केलापुढे एकच जन्म आहे. त्यामुळे त्याच्या वाणीत घाई आहे.

येथे माझी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका गावी उत्सवातले कीर्तन आटोपून मी चिपळ्या गुंडाळीत होतो. सुतारकाम करणारे एक गृहस्थ आपल्या पायाने अधू मुलाला कडेवर घेऊन आले. मुलगा पाच-सहा वर्षांचा असेल. हे कोणाचे पाप, एवढेच त्यांनी विचारले. मला रात्रीची गाडी गाठावयाची होती. पूर्वजांचे काही राहून गेले असेल, शांती करून घ्या, असे सांगून मी निघालो. दोन वर्षांनी त्याच गावी गेलो तेव्हा यजमानांकडून कळले की त्या गृहस्थांनी कर्ज काढून शांती केली, आणि मुलाचा पाय आहे तसाच राहिल्यावर आपल्या दिवंगत वडिलांचे श्राद्ध कायमचे बंद केले. ज्याच्या पापाने पोर लंगडे झाले त्यास पिंड द्यावयाचा नाही, असा त्यांनी हट्ट धरला होता. एका वाक्यात मी एका मेलेल्या माणसास अपराधी ठरविले होते. त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल करण्याचे धैर्य मला तेव्हा झाले नाही. पुढे यहेज्केलाचा अठरावा अध्याय मराठी बायबलात माझ्या वाचनात आला, आणि मी पोथी मिटून बराच वेळ बसून राहिलो.

असो. चरित्राकडे वळू. इ. स. पू. ५८८ च्या आरंभी नबुखद्रेस्सराने यरुशलेमला पुन्हा वेढा घातला. त्याच सुमारास यहेज्केलास सांगण्यात आले की त्याच्या नेत्रांचे सुख एका आघातासरशी हिरावून घेतले जाईल, आणि त्याने रडावयाचे नाही. पागोटे बांधावे, पायी वहाणा घालाव्यात, सुतकाचे अन्न खाऊ नये. सकाळी तो लोकांशी बोलला आणि संध्याकाळी त्याची पत्नी मरण पावली. दुसऱ्या दिवशी त्याने आज्ञेप्रमाणे केले. लोक विचारू लागले की हे काय आहे. तेव्हा त्याने सांगितले की तुमच्या नेत्रांचे सुख असलेले मंदिरही असेच जाईल, आणि तुम्हालाही अश्रू सुचणार नाहीत. त्या स्त्रीचे नाव ग्रंथात नाही. संपूर्ण ग्रंथात तिच्याविषयी एवढेच आहे. मला हा प्रसंग कधीच नीट पेलला नाही, आणि ज्या भाष्यकारांना तो सहज पेलतो त्यांच्याविषयी मला शंका वाटते.

यरुशलेम पडले, मंदिर जळाले. विद्वान ते वर्ष इ. स. पू. ५८७ किंवा ५८६ मानतात. तेथून जीव घेऊन निसटलेला एक माणूस खबारकाठी पोहोचला आणि नगर पडल्याचे त्याने सांगितले. तोवर स्वतःचे असे बोलणे बंद झालेल्या यहेज्केलाची वाचा त्याच वेळी मोकळी झाली. त्याचे म्हणणे खरे ठरले होते. आता त्यास मोठा मान मिळाला. लोक भिंतींच्या आडोशाला, दारादारांत त्याच्याविषयी बोलू लागले, जमून त्याच्यापुढे बसू लागले. परंतु त्यास सावध करण्यात आले की हे लोक तुला गोड गळ्याचा, उत्तम वाद्य वाजविणारा प्रेमगीतांचा गवई समजून ऐकतात. ऐकतात आणि वागत नाहीत. वाचकहो, चाळीस वर्षे या गळ्यावर पोट भरलेल्या हरदासाने हे वाचले तेव्हा त्यास काय वाटले असेल, ते मी येथे विस्ताराने सांगत नाही.

आश्चर्य असे की जोवर लोक आशेत होते तोवर हा नाश सांगत राहिला, आणि ते हताश झाले तसा तो करुणेकडे वळला. राजांना तो मेंढपाळ म्हणतो. त्यांनी लोकर पांघरली, पुष्ट मेंढरे खाल्ली, पण दुबळ्यास उचलले नाही, मोडलेल्यास बांधले नाही, हरवलेल्यास शोधले नाही. म्हणून परमेश्वर स्वतः मेंढपाळ होईल, रानोमाळ फिरून हरवलेले शोधील आणि दावीदाच्या वंशातील एक मेंढपाळ त्यांच्यावर नेमील. ख्रिस्ती लोक हे वचन येशूच्या ठायी पूर्ण झाले असे मानतात. येशूचा जन्म बेथलेहेम या दावीदाच्याच गावी सांगितला आहे. त्याची पहिली वार्ता मेंढपाळांना मिळते. आणि पुढे येशू स्वतःस उत्तम मेंढपाळ म्हणवितो. यहुदी लोक अर्थातच हे वचन निराळ्या रीतीने वाचतात व त्या मेंढपाळाची अजून वाट पाहतात. एकाच श्रुतीवर भिन्न भाष्ये होतात, हे आपणास नवीन नाही.

याच काळात त्याने नव्या हृदयाची गोष्ट सांगितली. परमेश्वर माणसातील पाषाणाचे हृदय काढून मांसाचे हृदय देईल, असे तो छत्तिसाव्या अध्यायात म्हणतो. आणि गंमत पाहा, अठराव्या अध्यायात तो त्याच लोकांना नवे हृदय तुम्ही स्वतः करून घ्या असे बजावीत होता! मग ते माणसाने करावयाचे की देवाने द्यावयाचे? आपल्या वैष्णव आचार्यांत या प्रश्नावर दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. ख्रिस्ती धर्मपंडितांतही प्रयत्न व कृपा यांवर शतकानुशतके वाद झाले. आदामाच्या पतनाचा दोष सर्व मानवांत उतरला, हे त्यांचे आदिपापाचे मत अठराव्या अध्यायाशी कसे जुळवावे, याचाही त्यांत खल आहे. सदोष स्वभाव वारशाने येतो, पण केलेल्या कर्माचा जाब ज्याचा त्याने द्यावयाचा, असे त्यांतील बरेच जण उत्तर देतात. यहेज्केलाने स्वतः दोन्ही वचने ठेवली आणि त्यांची मोळी बांधली नाही.

यहुदी आचार्यांनाही तो सहज पचला नाही. मोशेने पिढ्यांवर शासन सांगितले आणि यहेज्केलाने येऊन ते रद्द केले, असे तालमूद या त्यांच्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. त्याचा ग्रंथ मोशेच्या शास्त्राशी विसंगत म्हणून बाजूला ठेवण्याची वेळ आली होती. तेव्हा हनन्या नावाच्या एका पंडिताने माडीवर बसून, दिव्यासाठी तीनशे घडे तेल नेऊन, सर्व वचनांची संगती लावली आणि ग्रंथ वाचविला, अशी कथा त्याच तालमूदात आहे. टीकांवर टीका वाचीत रात्री जागविलेल्या कोणाही शास्त्र्याला त्या हनन्याविषयी बंधुभाव वाटावा.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध दर्शन अस्थींच्या खोऱ्याचे. दरी हाडांनी भरलेली, आणि हाडे अत्यंत शुष्क. त्याने संदेश देताच खडखडाट झाला, हाडाला हाड जुळले, स्नायू चढले, कातडी आली. पण श्वास नव्हता. मग चारी दिशांच्या वाऱ्यास आवाहन केल्यावर ती सेना उभी राहिली. हिब्रूत वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींना एकच शब्द आहे, रूआख. संस्कृतात अन् या एकाच धातूपासून प्राण आणि अनिल हे दोन्ही शब्द निघतात, त्याची येथे आठवण होते. मुळात हे दर्शन आपण संपलो असे म्हणणाऱ्या निर्वासित राष्ट्रासाठी होते. ख्रिस्ती परंपरेने पुढे त्यात पुनरुत्थानाची आशा वाचली.

त्याचे प्रत्येक भाकीत जसेच्या तसे उतरले असे मात्र समजू नये. नबुखद्रेस्सर सोर हे समुद्रकाठचे धनाढ्य नगर लुटील, असे त्याने सांगितले होते. दीर्घ वेढा पडला, पण लूट हाती आली नाही. इ. स. पू. ५७१ च्या संदेशात यहेज्केल स्वतःच नमूद करतो की त्या सैन्याची डोकी ओझ्याने टकली झाली, खांदे सोलले, आणि मजुरी काही मिळाली नाही. त्याने आधीचा संदेश खोडला नाही. दोन्ही शेजारी राहू दिले. भविष्य वर्तविणाऱ्यांत असा प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

येशूच्या चरित्रात एक प्रसंग आहे. वाटेत एक जन्मांध दिसला. शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने सांगितले की याचेही नव्हे, आईबापांचेही नव्हे. आणि त्याने त्या अंधास दृष्टी दिली. सहा शतकांपूर्वी बंद करावयास सांगितलेली म्हण शिष्यांच्या तोंडी अजून जिवंत होती, असाच त्याचा अर्थ. ती आमच्याही तोंडी आहे. मागील वर्षी मी त्या सुताराच्या गावी गेलो. ते गृहस्थ वारले होते. मुलगा आता तिशीचा असून वडिलांचेच काम करतो. कुबडी भिंतीला टेकवून तो रंधा मारीत होता. मी कोण ते सांगितले, आणि त्याच्या आजोबांवर मी जो दोष ठेवला तो मागे घेण्यास आलो आहे असेही सांगितले. त्याने रंधा थांबविला नाही. चहा आला, आम्ही तो घेतला. निघताना त्याने विचारले की आजोबांची तिथी घरात कोणालाच ठाऊक नाही, तर काय करावे. तिथी ठाऊक नसेल त्यांचे सर्वपित्री अमावास्येस करतात, असे मी त्यास सांगितले.

इ. स. पू. ५७३ साली, बंदिवासाच्या पंचविसाव्या वर्षी, यहेज्केलास नव्या मंदिराचे दर्शन झाले. हाती मापाची काठी घेतलेला एक पुरुष त्यास दालनादालनांतून नेतो. उंबरठे, देवड्या, ओटे सारे मोजून दिलेले आहे. जे मंदिर कोठेच नव्हते, त्याची मापे हा वृद्ध होत चाललेला याजक तपशिलाने लिहून ठेवतो. पूर्वेकडून परमेश्वराचे तेज परत येते. मग उंबरठ्याखालून पाणी झिरपू लागते. हजार हात चालल्यावर ते घोट्यापर्यंत, आणखी हजार हातांवर गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि मग पोहूनच जावे अशी नदी. ती मृत समुद्रास मिळते तेव्हा त्याचे खारट पाणी गोड होते, काठी कोळी जाळी पसरतात, आणि झाडांची पाने औषधी होतात. ख्रिस्ती बायबलाच्या अगदी शेवटच्या अध्यायात हीच नदी पुन्हा वाहते.

इराणचा राजा कोरेश याने इ. स. पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकले, निर्वासितांना परतण्याची मोकळीक दिली, आणि ५१५ च्या सुमारास यरुशलेमात दुसरे मंदिर उभे राहिले. ते पाहण्यास यहेज्केल बहुधा हयात नव्हता. त्याच्या मृत्यूविषयी ग्रंथ मौन आहे. परंपरेने त्याची समाधी इराकमध्ये हिल्ला शहराच्या दक्षिणेस अल-किफ्ल येथे दाखवितात. बाराव्या शतकात तुदेलाचा बेंजामिन हा यहुदी प्रवासी तेथे गेला होता. समाधीवर रात्रंदिवस दिवा तेवत असल्याचे आणि मुसलमानही प्रार्थनेस येत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. १९५०-५१ साली इराकमधील बहुतेक यहुदी देश सोडून गेले. मुसलमान त्यास जुल-किफ्ल नबी मानतात व दर्शनास जातात. आतल्या भिंतींवर हिब्रू अक्षरे आहेत. आपल्या कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजाने त्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ठेवले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच समाजातील मंडळींनी आपल्या संदेष्ट्यांची आख्याने मराठीत, पेटी-झांजांच्या साथीने, कीर्तनात लावली.